बंगळुरू : विमान व संरक्षण उद्योगाने घडविलेला महानगर प्रदेश

एखाद्या शहरात विशिष्ट उद्योग का येतो, हा एक प्रश्न. आणि एकदा आल्यावर तो तेथेच का वाढत राहतो, हा दुसरा. औद्योगिक स्थाननिश्चितीच्या अभ्यासात विद्यार्थी बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करतात : कच्चा माल, वीज, वाहतूक, बाजारपेठ. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र दुर्लक्ष होते. बंगळुरू महानगर प्रदेशाचे उदाहरण या दुसऱ्या प्रश्नासाठी विशेष उपयुक्त आहे. बंगळुरू म्हटले की आज माहिती-तंत्रज्ञान डोळ्यांसमोर येते. परंतु टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये तेथे केंद्र उघडले, त्याच्या ४५ वर्षे आधी त्या शहरात विमानाचा कारखाना उभा राहिला होता. १९४१ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख लोकवस्ती असलेले हे शहर २०११ मध्ये सुमारे ८५ लाख लोकवस्तीचा नागरी समूह बनले. या वाढीत विमान, संरक्षण व अवकाश उद्योगांचा वाटा कोणता, आणि या उद्योगांच्या पुढील विस्ताराची किंमत कोणी मोजावयाची, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्योग बंगळुरूला का आला?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी भारतात विमाननिर्मितीची योजना मांडली. म्हैसूर संस्थानाचे तत्कालीन दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी तिला जमीन व भांडवल देऊ केले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. स्थाननिश्चितीची पारंपरिक कारणे येथे स्पष्ट दिसतात. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ पासून कार्यरत होते. भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झालेली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील हवामान समशीतोष्ण होते, आणि किनारा व सरहद्द या दोहोंपासून शहर दूर असल्याने संरक्षणदृष्ट्या ते सुरक्षित मानले गेले.

१९४२ मध्ये केंद्र सरकारने वालचंद यांचे भाग विकत घेतले. युद्धकाळात कारखान्याचे मुख्य काम मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती व देखभाल हे होते. युद्ध संपताच हे काम आटले. तेव्हा कुशल कामगारांना काम मिळावे म्हणून कारखान्याने रेल्वेचे डबे बांधावयास घेतले. पुढे १९६४ मध्ये हा विभाग नव्याने स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या कंपनीकडे गेला.

हा प्रसंग छोटा असला तरी त्यात पुढील ८० वर्षांची दोन सूत्रे आहेत. पहिले, या उद्योगाची मागणी सलग नसते. ती युद्ध, धोरण व अंदाजपत्रक यांनुसार चढते-उतरते. दुसरे, कामगाराच्या हातातील कौशल्य एका उत्पादनापुरते मर्यादित राहत नाही. ते दुसऱ्या उत्पादनाकडे वळविता येते.

संस्थांची साखळी

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने बंगळुरूची निवड सार्वजनिक उद्योगांसाठी सातत्याने केली. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ मध्ये सैन्यदलांना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सामग्रीसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स यांची स्थापना झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी विमाननिर्मितीच्या दोन सरकारी कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) ही कंपनी अस्तित्वात आली. याच कंपनीचा मिग विमानांचा कारखाना महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे उभा राहिला, ही बाब मराठी वाचकांस परिचित आहे.

कारखान्यांबरोबरच प्रयोगशाळा आल्या, हे बंगळुरूचे वेगळेपण होय. भारतीय विज्ञान संस्थेत डिसेंबर १९४२ मध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला. १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा पुढच्याच वर्षी बंगळुरूला आली. तेथील स्वनातीत वेगासाठीचा वातबोगदा १९६७ मध्ये कार्यान्वित झाला. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या वैमानिकी, रडार, इंजिन आदी विषयांच्या प्रयोगशाळा याच शहरात आहेत. १९७२ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संघटनेची (इस्रो) धुरा सतीश धवन यांच्याकडे आली. ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकही होते आणि इस्रोचे मुख्यालय बंगळुरूलाच झाले. 'आर्यभट्ट' हा पहिला भारतीय उपग्रह शहराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात गेला.

या संस्थांनी शहराचा नकाशाही बदलला. प्रत्येक मोठ्या कारखान्याभोवती कामगार वसाहत, शाळा, रुग्णालय व बस-सेवा उभी राहिली. 'विमानपुरा' व 'दूरवाणीनगर' ही वस्त्यांची नावे त्याची साक्ष देतात. एचएएलची धावपट्टी हीच मे २००८ पर्यंत शहराचा नागरी विमानतळ होती. १९८०-८१ मध्ये शहरातील केंद्रीय सार्वजनिक उद्योगांतील सुमारे सव्वा लाख कामगारांनी ७७ दिवसांचा संप केला. एकाच शहरात एवढा संघटित, पगारदार व प्रशिक्षित कामगारवर्ग असणे हे तत्कालीन भारतात दुर्मीळ होते.

समूहनाचे लाभ : सिद्धान्त आणि प्रत्यक्ष

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, एका जातीचे उद्योग एकाच ठिकाणी का एकवटतात याची तीन कारणे दिली. कुशल श्रमिकांचा सामाईक साठा, पूरक पुरवठादारांचे जाळे आणि ज्ञानाचा प्रसार ही ती तीन कारणे. यांतून मिळणाऱ्या लाभांना 'बाह्य बचती' म्हणतात. कारण ते एखाद्या कारखान्याच्या आतील व्यवस्थेतून नव्हे, तर शेजारातून मिळतात. बंगळुरूत ही तिन्ही कारणे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात.

श्रमिकांचा साठा : विमानाचा सुटा भाग मिलिमीटरच्या शतांशापर्यंत अचूक असावा लागतो. असे काम करणारा यंत्रचालक तयार होण्यास वर्षे लागतात. एखाद्या कंपनीने त्याला स्वतः शिकवावे, तर तो दुसरीकडे जाण्याची भीती असते. म्हणून खाजगी कंपन्या प्रशिक्षणावर पुरेसा खर्च करीत नाहीत. हे बाजाराच्या अपयशाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. बंगळुरूत सार्वजनिक उद्योगांच्या प्रशिक्षण केंद्रांनी हा खर्च अनेक दशके उचलला आणि त्याचा लाभ संपूर्ण प्रदेशास मिळाला.

पुरवठादारांचे जाळे : मोठ्या कारखान्यांना लागणारे साचे, जोडभाग, उष्णतासंस्करण, विद्युत्-लेपन इत्यादी कामे पीण्या व अन्य वसाहतींतील लघुउद्योगांकडे गेली. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरील तमिळनाडूतील होसूर हे गावही या जाळ्यात ओवले गेले. हिंदुस्थान मशीन टूल्सच्या घड्याळांनी या परिसरात सूक्ष्म कामाची परंपरा रुजविली होती. ते घड्याळ-कारखाने बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. पण होसूरला घड्याळे बनविणाऱ्या टायटन कंपनीची अभियांत्रिकी शाखा आज विमानांचे सुटे भाग तयार करते. कारखाना बंद पडतो, कौशल्य मात्र प्रदेशात टिकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

ज्ञानाचा प्रसार : कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर येथे जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जीवनक्रम या मुद्द्यासाठी पुरेसा आहे. जर्मनीत लुडविग प्रान्टल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून ते बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करू लागले आणि विमान-कारखान्यात अभिकल्पक म्हणूनही नावारूपास आले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आणि 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान सप्टेंबर १९६४ मध्ये प्रथम उडाले. वर्ग, प्रयोगशाळा व कारखाना एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरावर असल्यानेच अशी देवाणघेवाण शक्य झाली.

एकच ग्राहक : या उद्योगाची मूलभूत अडचण

संरक्षण उद्योगाची बाजारपेठ सामान्य बाजारपेठेसारखी नसते. विक्रेते अनेक असू शकतात. पण देशांतर्गत ग्राहक एकच, म्हणजे सरकार. अर्थशास्त्रात यास 'एकक्रेताधिकार' म्हणतात. या ग्राहकाने खरेदी लांबविली तर कारखान्याची क्षमता पडून राहते, अभिकल्पकांचे गट विखुरतात आणि लघुउद्योजकाचे खेळते भांडवल अडकते.

'मरुत' या लढाऊ विमानाचा अनुभव येथे आठवावा. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याचा सांगाडा उत्तम होता. परंतु त्याला अनुरूप सामर्थ्याचे इंजिन कधीच मिळाले नाही. सुमारे दीडशे विमानांनंतर उत्पादन थांबले आणि तोडीचा नवा प्रकल्प लगेच हाती न घेतल्याने संचित अनुभवाची साखळी तुटली. हलक्या लढाऊ विमानासाठी वैमानिकी विकास अभिकरण १९८४ मध्ये स्थापन झाले, ते विमान ४ जानेवारी २००१ रोजी उडाले, आणि 'तेजस'ची पहिली तुकडी जुलै २०१६ मध्ये बंगळुरूत उभी राहिली. म्हणजे संस्था-स्थापनेपासून तुकडीपर्यंत ३२ वर्षे लागली. विलंबाची कारणे अनेक असली, तरी खंडित झालेल्या अनुभवाची पुनर्बांधणी हे त्यांतील एक प्रमुख कारण मानावे लागेल.

इंजिनाचा प्रश्न तर आजही सुटलेला नाही. 'कावेरी' इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. परंतु २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा करण्यात आला. तेजससाठी अमेरिकी जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी ९९ इंजिनांचा करार २०२१ मध्ये झाला. त्यांतील पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. साखळीतील सर्वांत दुर्बळ कडीवर संपूर्ण साखळीचे बळ ठरते, हे यावरून लक्षात येईल.

खाजगी क्षेत्राचा प्रवेश आणि प्रदेशाचा विस्तार

२००१ मध्ये संरक्षण उत्पादन खाजगी क्षेत्रास खुले झाले आणि २६ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीस परवानगी मिळाली. २०२० मध्ये स्वयंचलित मार्गाने ही मर्यादा ७४ टक्के करण्यात आली. २००५ च्या खरेदी कार्यपद्धतीने ३०० कोटी रुपयांवरील विदेशी खरेदीत किमान ३० टक्के मूल्याची प्रतिपूर्ती भारतात करण्याचे बंधन घातले (पुढे २०१६ मध्ये ही मर्यादा २,००० कोटींवर नेण्यात आली). परिणामी विदेशी कंपन्या भारतीय पुरवठादारांच्या शोधात आल्या, तेव्हा त्यांना तयार जाळे बंगळुरू परिसरात मिळाले. मे २००८ मध्ये देवनहळ्ळी येथे नवा विमानतळ सुरू झाल्यावर त्याच्या परिसरात विमान-उद्योगासाठी स्वतंत्र क्षेत्र आखण्यात आले. बोईंग कंपनीच्या तेथील ४३ एकरांवरील अभियांत्रिकी संकुलाचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. तुमकुरू जिल्ह्यात गुब्बी तालुक्यात ६१५ एकरांवर एचएएलचा हेलिकॉप्टर कारखाना फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला. अशा रीतीने एका शहराचा उद्योग आता तीन-चार जिल्ह्यांच्या महानगर प्रदेशाचा झाला आहे.

मागणीची बाजूही अलीकडे सुधारली आहे. देशाचे संरक्षण उत्पादन २०२३-२४ मधील सुमारे १.२७ लाख कोटी रुपयांवरून २०२४-२५ मध्ये सुमारे १.५ लाख कोटींवर गेले. त्याच वर्षी संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपये झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांचा करार झाला. मार्च २०२५ मध्ये १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टरांचा ६२,७०० कोटी रुपयांचा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला. कामाचे वाटपही विस्तारले आहे : तेजसचे पंख कोइमतूरला, मधला भाग हैदराबादला व मागचा भाग बंगळुरूतील खाजगी कंपनीत तयार होतो, तर जुळणीची तिसरी फळी ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला सुरू झाली. केंद्रित असलेला उद्योग परिपक्व झाला की त्याचा प्रसार होऊ लागतो, हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रान्स्वा पेरू यांच्या 'वृद्धिध्रुव' कल्पनेशी सुसंगत आहे.

रोजगाराविषयी मात्र वास्तव अपेक्षा ठेवणे आवश्यक आहे. ९७ विमानांच्या करारातून सहा वर्षे दरवर्षी सुमारे ११,७५० प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष रोजगार अपेक्षित असल्याचे सरकारने म्हटले आहे. कराराची रक्कम सहा वर्षांत समान विभागली तर वार्षिक सुमारे १०,४०० कोटी रुपये होतात. म्हणजे ढोबळमानाने दर रोजगारामागे वर्षाला सुमारे ८८ लाख रुपयांचा खर्च पडतो. हा उद्योग उच्च कौशल्याचा व उच्च वेतनाचा रोजगार देतो; विपुल रोजगार देणारा हा उद्योग नव्हे.

जमिनीचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर देवनहळ्ळीचा वाद पाहावयास हवा. विमान व संरक्षण उद्योगाच्या उद्यानासाठी देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण मंडळातील १३ गावांची १,७७७ एकर जमीन संपादित करण्याचा प्रस्ताव कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने मांडला. नाचणी, द्राक्षे, तुती, भाजीपाला, फुले व दुग्धव्यवसाय यांवर येथील कुटुंबे जगतात. महानगर हीच त्यांची बाजारपेठ आहे. एप्रिल २०२२ पासून शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले. अखेर १५ जुलै २०२५ रोजी राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी हे संपादन सोडून देत असल्याचे जाहीर केले. स्वेच्छेने जमीन देणाऱ्यांसाठी मार्ग खुला ठेवण्यात आला. त्यानंतर लगेच शेजारच्या आंध्र प्रदेशाने या उद्योगांना आपल्या राज्यात येण्याचे जाहीर निमंत्रण दिले.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समजून घेणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. शासनाची बाजू अशी की विमानतळालगत सलग जमीन मिळाल्यास पुरवठादार एकत्र येतात, वाहतूकखर्च घटतो, आणि जमीन न मिळाल्यास गुंतवणूक अन्य राज्यात जाते. शेतकऱ्यांची बाजू अशी की मोबदल्याची रक्कम एकदाच मिळते, तर जमीन पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देते. शिवाय पन्नाशीच्या शेतकऱ्यास विमान-कारखान्यात काम मिळण्याची शक्यता नगण्य असते. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने खाजगी कंपन्यांसाठी ८० टक्के व सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट घातली. परंतु राज्यांच्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्यांची कार्यपद्धती वेगळी असते, हेही ध्यानात घ्यावे.

येथे क्षेत्रफळाची तुलना उद्बोधक ठरते. देशातील सर्वांत मोठा हेलिकॉप्टर कारखाना ६१५ एकरांत आहे. प्रस्तावित क्षेत्र त्याच्या जवळजवळ तिप्पट होते. उद्यानात अनेक कारखाने येतात हे खरे. तरीही वर सांगितलेल्या इतिहासाचा निष्कर्ष असा की बंगळुरूचे बलस्थान भूखंडांत नसून प्रशिक्षणात, प्रयोगशाळांत व सलग कामात आहे. जमीन शेजारचे राज्यही देऊ शकते. आठ दशकांचे संचित कौशल्य कोणतेही राज्य एका निमंत्रणाने उभे करू शकत नाही. त्यामुळे स्पर्धेच्या भीतीने सुपीक जमीन घाईने संपादन करण्यात राज्याचाही फारसा लाभ नाही. शिवाय बंगळुरूला पिण्याचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरी नदीतून उचलून आणावे लागते आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. महानगराच्या प्रत्येक नव्या विस्ताराच्या हिशेबात हा खर्चही धरला पाहिजे.

पुढील दिशा

धोरणाच्या दृष्टीने चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मागणीचे सातत्य. दीर्घ मुदतीच्या खरेदी योजना जाहीर झाल्यास लघुउद्योजक यंत्रसामग्रीत गुंतवणूक करू शकतो. दुसरी, देयकांची वेळेवर पूर्तता. सूक्ष्म व लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहेच. त्याचे काटेकोर पालन हे कोणत्याही अनुदानापेक्षा अधिक उपयोगी ठरेल. तिसरी, इंजिन व मूलद्रव्य-तंत्रज्ञान यांत दीर्घकालीन सार्वजनिक गुंतवणूक. चौथी, जमिनीचा काटकसरीने वापर : बंद वा रुग्ण सार्वजनिक उद्योगांकडील व वसाहतींतील रिकाम्या जागांना प्राधान्य, बहुमजली औद्योगिक गाळे, आणि जेथे शेतजमीन अपरिहार्य असेल तेथे संमती व भागीदारी.

शासनाने १९४० च्या दशकापासून या प्रदेशात जे पेरले ते मुख्यतः ज्ञान होते. त्याचे पीक विमान-उद्योगाने घेतले, अवकाश संशोधनाने घेतले आणि माहिती-तंत्रज्ञानानेही घेतले. ज्यांच्या जमिनीवर हा प्रदेश पुढे पसरणार आहे, त्यांच्या मुलामुलींना त्या ज्ञानाच्या वर्गात जागा मिळते की नाही, यावर या विकासाची न्याय्यता ठरेल. देवनहळ्ळी परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेला युवक त्याच परिसरातील कारखान्यात कुशल यंत्रचालक म्हणून उभा राहील, तेव्हा महानगर आणि गाव यांतील हा व्यवहार एकतर्फी राहणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'बाह्य बचती' ही संकल्पना स्पष्ट करून बंगळुरू महानगर प्रदेशाच्या संदर्भात तिची तिन्ही अंगे सोदाहरण विशद करा.
२. संरक्षण उद्योगातील एकक्रेताधिकाराचे पुरवठादार व तंत्रज्ञान-विकास यांवर होणारे परिणाम 'मरुत' व 'तेजस' यांच्या आधारे तपासा.
३. 'औद्योगिक विकासासाठी जमिनीपेक्षा कौशल्य अधिक निर्णायक असते.' देवनहळ्ळीच्या उदाहरणाच्या आधारे या विधानाचे दोन्ही बाजूंनी परीक्षण करा.